दारची वेल आणि शेजारचा बांध

मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली, की आपल्याकडे घरोघर एक देवाणघेवाण सुरू होते. माहेरी जाऊन आलेली सून ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी पिशवीतून आणते. बाजाराच्या दिवशी भेटलेली मावशी पदराच्या गाठीला बांधलेले चार दाणे सोडून हातावर ठेवते. बदली होऊन गेलेल्या गुरुजींच्या अंगणातली वेल त्यांच्यामागे गावात दहा दारांवर चढलेली दिसते. या व्यवहाराला पैसा लागत नाही. मोरीच्या सांडपाण्यावर वेल वाढते आणि दोन-तीन महिन्यांत तापणारा पत्रा हिरव्या सावलीखाली जातो. वाईपासून जतपर्यंत कुठल्याही वाडीवस्तीवर जा. घर साधे असेल, पण दाराशी एखादी वेल असतेच.

हा आनंद कुणी सोडावा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वाचकहो, वेल आणि इतर फुलझाडे यांत एक मोठा फरक आहे. जास्वंद जिथे लावाल तिथे उभी राहते. तगर, अबोली, शेवंती आपापल्या आळ्यात राहतात. वेल मात्र चालते. आज कुडावर, उद्या शेजारच्या बांधावर, परवा बांधाखालच्या ओढ्यात, आणि तिथून पुढे कुणाच्या उसात तर कुणाच्या हळदीत. सगळ्याच वेली असे करीत नाहीत. कोणती करते, कोणती करीत नाही, आणि करणारी हवीच असेल तर तिला कसे सांभाळावे, ते आता पाहू.

एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. आमच्या मते वेल कुठे लावली यापेक्षा छाटलेली वेल कुठे टाकली, यावर पुढचे बरेचसे नुकसान अवलंबून असते. लावताना आपण जागा पाहतो, ऊन पाहतो, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारतो. छाटलेला भारा मात्र डोळे मिटून ओढ्यात ढकलतो.

हौसेने आणली, डोईजड झाली

बेशरम सर्वांच्या ओळखीची आहे. अर्धे झुडूप, अर्धी वेल, गुलाबी-जांभळ्या नरसाळ्यासारखी फुले. तिचे मूळ दक्षिण अमेरिकेतले. फुलांसाठी आणि फुकटच्या कुंपणासाठी लोकांनी ती लावली. जनावर तिला तोंड लावीत नाही, कांडी खोवली की फुटते, पाणी असो नसो जगते. कुंपणाला याहून काय हवे? पण जे गुण कुंपणात चांगले, तेच ओढ्यात वाईट ठरले. तोडून टाकलेली कांडी पाण्याबरोबर वाहत गेली आणि जिथे अडकली तिथे रुजली. आज पाटाच्या कडेला, पाझर तलावाच्या पोटात, गावओढ्याच्या वळणावर तिचे रान माजलेले दिसते. नाव कुणी ठेवले ठाऊक नाही, पण शोभते खरे.

शेळ्या पाळणाऱ्या घरांनी तर या झाडाकडे विशेष लक्ष द्यावे. एरवी शेळी बेशरम खात नाही. परंतु उन्हाळ्यात दुसरा पाला उरला नाही, की ती चाखून पाहते, आणि एकदा चाखली की तिला त्याचीच चटक लागते. हे विष एका दिवसात मारत नाही. काही आठवडे गेले की शेळीची मान थरथरू लागते, चाल बिघडते, मागच्या पायांतला जोर जातो, आणि अंगावरचे मांस उतरत उतरत ती जाते. बिचारा धनी जंत झाले म्हणून औषध पाजत बसतो. अशी लक्षणे दिसली तर जनावर त्या जागी चरायला सोडणे आधी थांबवा आणि पशुवैद्यकाला बेशरमीविषयी आठवणीने सांगा.

बेशरम एकटीच नाही. डोंगरउतारावर माजलेली घाणेरी हीसुद्धा एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात बागेतले शोभेचे झाड म्हणून आली. नद्यांच्या डोहांत साचणारी जलपर्णी तिच्या जांभळ्या तुऱ्यासाठी कुणीतरी कौतुकाने तळ्यात सोडली होती. गाजर गवताची गोष्ट निराळी. ते १९५० च्या दशकात पुण्याकडे प्रथम नजरेस आले आणि ते कुणी हौसेने बोलावले नव्हते. पण घाणेरी आणि जलपर्णी यांना आपण माणसांनीच पाट मांडून बसवले.

आता कुणी म्हणेल, आमच्या वाडवडिलांनी दारात वेली लावल्या, तेव्हा काही बिघडले नाही. खरे आहे. पण तेव्हाचा मुलूख आठवा. आपल्या दोन जिल्ह्यांत महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो आणि माण, आटपाडी, जतकडे पाचशेच्या आसपास. त्या कोरड्या भागात वेल मोरीच्या पाण्यापुरतीच जगायची. अंगणाबाहेर पाऊल टाकले की ऊन तिला जाळून टाकायचे, म्हणजे राखण करण्याचे काम दुष्काळच करीत होता. आता ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजनांचे पाणी माळावर पोचले आहे. पाट वाहतात, बांध बारमाही हिरवे राहतात, ठिबकखाली ओल टिकते. पाणी आले ही आनंदाची गोष्ट. पण ते उसाला मिळते तसे पळून आलेल्या वेलीलाही मिळते. आणि कृष्णाकाठी २००५, २०१९ आणि २०२१ सालचे महापूर ज्यांनी पाहिले, त्यांना वरच्या गावातला काडीकचरा खालच्या गावाच्या मळीत कसा येऊन बसतो हे सांगायला नको. त्या कचऱ्यात बी असते, कांड्याही असतात.

वेल कशी चालते, ते आधी विचारा

कुणी फांदी देऊ लागले, तर फुलाचा रंग विचारण्याआधी एवढे विचारा : ही बियांनी पसरते, मुळांनी फुटते, की तुकड्यातून रुजते? देणाऱ्याला हे बहुधा माहीत असते. आपण विचारत नाही इतकेच.

गणेशवेल घ्या. बडीशेपेसारखी बारीक पाने आणि चांदणीसारखी लालभडक फुले. ऐन गणपतीत फुलते म्हणून प्रत्येक घराला हवी. ही वेल एका हंगामाची. मुळे खोल नाहीत, हाताने उपटली तर येते. तिचे सगळे बळ बियांत आहे. प्रत्येक बोंडात साधारण चार काळे, कडक कवचाचे दाणे. बोंड वाळून फुटले की दाणे खाली पडतात, त्यांतले काही पुढच्या पावसात उगवतात आणि काही कवचाच्या जोरावर जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहतात. नारिंगी-तांबड्या फुलांची, रुंद पानांची तिची एक बहीण आहे, ती अधिक दांडगी. पावसाळा सरता सरता कुंपणेच्या कुंपणे झाकून टाकते. निळ्या-जांभळ्या नरसाळ्याची मॉर्निंग ग्लोरी याच कुळातली आणि याच चालीची.

या कुळातल्या वेली उसात शिरल्या म्हणजे काय होते, ते वाळवा, कराडकडच्या शेतकऱ्यांना विचारा. मोठी बांधणी होईपर्यंत खुरपणी चालते, तोवर त्या डोके वर काढीत नाहीत. बांधणी झाली, ऊस डोक्याइतका झाला, आत माणूस शिरेनासा झाला, की त्या उसाला विळखे घालीत वर चढतात. शेंड्यावर पोचून दहा-दहा ऊस एकत्र बांधून टाकतात. ऊस वाकतो, लोळतो आणि तोडणीच्या वेळी टोळीचा मुकादम फडात पाहून नाक मुरडतो. कोयता चालण्याऐवजी आधी वेल सोडवत बसावे लागते. ही वेल फडात आली कुठून? पुष्कळदा शेणखतातून. दारची वेल वाळली, बोंडांसकट उकिरड्यावर गेली, उकिरडा वैशाखात शेतात गेला. म्हणजे आपणच पेरली, तीही खत घालून!

आता आइसक्रीम वेल. गुलाबी फुलांचे घोस, कडेला नाजूक तणावे, मधमाश्यांचा अखंड गुंजारव. मूळची मेक्सिकोची. दिसायला इतकी देखणी, की तिच्याविषयी वाईट लिहिताना हात कचरतो. पण हिचा खरा संसार जमिनीखाली आहे. हिला रताळ्यासारखी गड्डी असतात. वर कितीही छाटा, उन्हाळ्यात वेल पार वाळून जाऊ दे, पहिल्या पावसाबरोबर गड्ड्यातून नवे धुमारे येतात. शिवाय फळे पाण्यावर तरंगतात, त्यामुळे ओढ्याकाठी लावलेली वेल आपोआप प्रवासाला निघते. वेस्ट इंडीजमधल्या सेंट युस्टेशियस या लहानशा बेटाचा मोठा भाग या वेलीने झाकून टाकला आहे. तीही तिथे बागेतूनच बाहेर पडलेली.

गारवेल, म्हणजे पंज्यासारख्या पानांची, फिकट जांभळ्या फुलांची वेल. इंग्रजीत हिला रेल्वे क्रीपर म्हणतात, कारण स्टेशनांच्या कुंपणांवर ती मुद्दाम चढवली जाई आणि तिथून रुळांच्या कडेने पसरत जाई. हिचे बी दुय्यम; हिचा प्रत्येक पेर मातीला टेकला की मुळे सोडतो. कोयत्याने बारीक तुकडे करून विखरून टाकले, तर एका वेलीच्या पन्नास करण्याचा तो उत्तम मार्ग समजावा.

मधुमालती आणि कृष्णकमळ या दोन्ही मुळांतून फुटतात. रात्री पांढरी, सकाळी गुलाबी, मग लाल होणारी मधुमालतीची फुले कुणाला आवडत नाहीत? पण ती भिंतीला चिकटून, पायथ्याशी किंवा पाण्याच्या टाकीशेजारी लावू नये. चार हातांवर अंगणात फुटवा आला, की समजावे मुळे तिथवर गेली. कृष्णकमळाचेही तसेच. त्याची रानटी बहीण वेलघाणी, जिची कळी आणि फळ केसाळ जाळीत गुंडाळलेले असते, तिची पिकली फळे पाखरे खातात आणि बी दूरदूर पोचवतात. ती मुद्दाम लावण्यासारखी वेल नव्हे.

कोरड्या भागातल्या वाचकांनी विलायती वाखंडी ओळखून ठेवावी. चकचकीत जाड पाने, फिकट जांभळी मोठी फुले, आणि बैलाच्या शिंगांसारख्या जोडीने येणाऱ्या टणक शेंगा. तोडली की पांढरा चीक येतो. मूळ मादागास्करची. दुसऱ्या महायुद्धात रबराचा तुटवडा पडला, तेव्हा हिच्या चिकापासून रबर काढण्याचे प्रयोग झाले होते. शेंग फुटली की रुईसारख्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांती ही शोभेची वेल म्हणून गेली आणि नदीकाठची कुरणे गिळत सुटली. शेवटी तिच्या मायदेशातून तिच्यावर पडणारा तांबेरा रोग शोधून आणून १९९५ मध्ये तिथे सोडावा लागला. ही वेल जनावरांना विषारी आहे. गोठ्याजवळ आणि गायरानालगत हिला थारा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मनी प्लांट घरात बाटलीत आहे तोवर गरीब. पाटण, जावळीसारख्या भरपूर पावसाच्या भागात तो झाडावर चढला म्हणजे त्याचे पान सुपाएवढे होते आणि मूळ झाडाचे खोडच दिसेनासे होते. बाटलीतले जुने कोंब ओढ्यात फेकू नयेत, एवढे पाळले तरी पुरे.

राहता राहिली अमरवेल. ती शोभेची नव्हे. पण सोन्याच्या तारांसारखी दिसते म्हणून मुले खेळता खेळता तोडून मेंदीच्या कुंपणावर टाकतात. हिला मुळे नाहीत, पाने नाहीत, दुसऱ्याचा रस पिऊन जगते. लसूण घासात शिरली तर घासाचे वाफे बसतात. मुलांना हे एकदा समजावून सांगा. मुले ऐकतात, मोठ्यांनाच सांगणे कठीण.

आपली तोंडली, परक्याचे तण

यावरून परदेशी वेल वाईट आणि देशी चांगली, असा सरसकट निकाल मात्र कुणी लावू नये. आपल्या परसातली तोंडली पाहा. इथे आपण तिला जपतो, मांडव करतो, मुंबईच्या बाजारी पाठवतो. हीच तोंडली पॅसिफिक महासागरातल्या हवाई आणि ग्वाम बेटांवर गेली आणि तिने तिथली झाडे, कुंपणे, विजेचे खांब झाकून टाकले. आपली माधवीलता जुन्या कवींची लाडकी. तीच मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर जंगलाला जड झाली. गावात जो मुलगा चुलत्या-मामांच्या धाकाने सरळ वागतो, तोच परगावी मोकळा सुटतो, तसे हे आहे. इथे तोंडलीची पाने खाणारे किडे, फळे पोखरणाऱ्या माश्या आणि वेल बांधून ठेवणारे आपले हात, सगळे हजर असतात. तिथे तिला अडवणारे कुणी नव्हते.

सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेतल्या कुडझूची. ही जपानी वेल १८७६ साली फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात सावलीची, सुवासिक फुलांची वेल म्हणून मांडली गेली. लोकांनी ओसरीवर चढवली. पुढे १९३० च्या दशकात दक्षिणेकडची कापसाची जमीन धुपून जाऊ लागली, तेव्हा सरकारने ती लावणाऱ्या शेतकऱ्यांना एकरी आठ डॉलरपर्यंत मदत दिली. १९५३ मध्ये त्याच सरकारने शिफारशीच्या यादीतून तिचे नाव काढून टाकले. तोवर पडकी घरे, उभी झाडे, सोडून दिलेली शेते तिच्या पांघरुणाखाली गेली होती. तिथली चूक वेल लावण्यात होती त्याहून अधिक, लावल्यावर कात्री न लावण्यात होती, असे आम्हाला वाटते. जिथे गुरे रोज चरत, तिथे कुडझू कधी माजली नाही.

कात्रीवरून आठवले. तासगाव, कवठे महांकाळ, पलूसकडच्या द्राक्षबागायतदाराला वेलीची शिस्त आम्ही काय शिकवावी? एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मधल्या काळात शेंडा मारणे, बगलफूट काढणे. एकेका काडीचा हिशेब. आणि त्याच्याच घराच्या दारातल्या वेलीला पाच-पाच वर्षे कात्री लागलेली नसते! बागेतल्या शिस्तीचा चौथा हिस्सा दारात आणला तरी या लेखातले निम्मे सांगणे फुकट जाईल.

लावायचीच तर अशी लावा

वेलीचा मांडव घरापासून, झाडापासून आणि बांधापासून सुटा असावा. चारही बाजूंनी माणूस फिरू शकला पाहिजे आणि मांडवाखालची जमीन झाडता आली पाहिजे. अंगण झाडणारी बाई रोज सकाळी चार रोपटी उपटून टाकते, ते कोणत्याही तणनाशकापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे. आंबा, चिकू, शेवगा यांवर वेल चढवू नका. झाडाचे ऊन तुटते, फळ कमी होते, आणि वाऱ्यात ओझ्याने फांदी मोडते. कौलांवर दाट वेल माजली तर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. विजेच्या सर्व्हिस वायरीवर वेल गेली असेल तर ती स्वतः ओढू नका. लाइनमनला बोलावून वीज बंद करून घ्या आणि मगच हात लावा.

ओढा, पाट, विहीर, शेततळे यांच्या काठावर शोभेची वेल नकोच. पाण्याच्या काठी ती छान वाढते म्हणूनच नको.

मुळांतून फुटणाऱ्या वेली हव्या असतील, तर जुन्या प्लॅस्टिकच्या बॅरलचे दोन भाग करून एक भाग जमिनीत पुरावा. तळाला पाणी जाण्यापुरती भोके ठेवावीत आणि काठ जमिनीच्या वर दोन बोटे राहू द्यावा. विहिरीच्या बांधकामातली उरलेली सिमेंटची कडी असेल तर तीही चालते, मात्र मुळे तिच्या खालून जाऊ शकतात, म्हणून वर्षातून एकदा भोवती कुदळ मारून पाहावी. आइसक्रीम वेल लावायचीच असेल तर अशीच बंद भांड्यात लावावी, मोकळ्या जमिनीत नव्हे.

बियांनी पसरणाऱ्या वेलींचे वेळापत्रक सोपे आहे. गणेशवेल गणपतीत फुलली, नवरात्रात फुलली, दसऱ्याला तोरणात गेली, इथवर तिचे कौतुक करावे. बोंडे हिरवी असतानाच आठ-पंधरा दिवसांनी एकदा खुडून टाकावीत. पुढच्या वर्षासाठी एक-दोन बोंडे कागदाच्या पुडीत ठेवली की झाले. दिवाळी आटोपली की वेल मुळासकट उपटून काढावी. ती पूर्ण वाळण्याची वाट पाहू नये. बोंडे खुडण्याचे काम घरातली मुले हौसेने करतात. फक्त दाणे तोंडात घालू नका अशी ताकीद द्या. या कुळातले दाणे पोटात जाणे चांगले नाही.

छाटलेल्या वेलीची गोष्ट आता सविस्तर सांगतो. ती ओढ्यात, पाटात, गायरानात किंवा रस्त्याच्या चरीत टाकू नये. उकिरड्यावरही टाकू नये. नीट रचलेला, ओलावा राखून खालीवर केलेला कंपोस्टचा ढीग आतून चांगला तापतो आणि बरेच बी मरते. पण आपला नेहमीचा उकिरडा कडेने थंडच असतो आणि कडक कवचाचे दाणे त्यात सुखरूप राहतात. जनावरांना घालण्याआधी ती कोणती वेल आहे याची खात्री असावी, नाहीतर घालू नये. काही दाणे जनावराच्या पोटातूनही न मरता बाहेर येतात. चांगला उपाय म्हणजे छाटलेली वेल तापलेल्या पत्र्यावर, गच्चीवर किंवा उघड्या खडकावर पसरून टाकणे. मातीला स्पर्श नको. हाताने मोडली की कडकन तुटावी इतकी वाळली, म्हणजे पेरातला जीव गेला. मग बिनबोंडाची वेल खुशाल खतात घाला. पिकलेली बोंडे आणि शेंगा मात्र वेगळ्या करून जाळाव्यात. आइसक्रीम वेलीची गड्डी चार दिवसांच्या उन्हाने मरत नाहीत. ती चिरून उन्हाळाभर वाळवावी लागतात.

हाताबाहेर गेली असेल तर

पहिला मोह तणनाशकाचा होतो. त्याविषयी एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. रुंद पानाच्या तणांवर वापरतात ते टू-फोर-डी उसाला मानवते, परंतु द्राक्षवेलीला अतिशय घातक आहे. फवाऱ्याचा अंश वाऱ्याने गेला, किंवा उन्हात त्याची वाफ गेली, तरी शेजारच्या बागेतली कोवळी पाने पंख्यासारखी आखडतात, घड बिघडतो. सांगली जिल्ह्यात उसाचा फड आणि द्राक्षबाग एका बांधावर नांदतात. बांधावरची वेल मारायला गेलो आणि शेजाऱ्याची बाग बसली, असे झाले तर भाऊबंदकीला तेवढे कारण पुरते.

त्यापेक्षा हातांनी करावे. फाल्गुन-चैत्रात वेल वाळत आलेली असते तेव्हा जमिनीलगत कापून भारे बाहेर काढावेत. पहिल्या पावसानंतर जिथे जिथे फुटवे येतील तिथे खूण करावी, म्हणजे गड्डी आणि मुळे कुठे आहेत ते कळते. ओल असताना कुदळीने खोदून ती काढावीत. सगळी एकदम निघत नाहीत. दर पंधरवड्याला फेरी मारून नवा फुटवा दिसला की काढायचा. पान पसरू दिले नाही तर गड्ड्यातला साठा संपत जातो. एक पावसाळा नेटाने केले तर निम्मे काम होते, दुसऱ्या पावसाळ्यात उरलेले. चीक असलेल्या वेली काढताना हातमोजे घालावेत आणि डोळ्यांना हात लावू नये.

बांधावरची वेल एकट्याने काढून उपयोग होत नाही, ही यातली खरी अडचण. तुम्ही आपली बाजू साफ केली आणि पलीकडची तशीच राहिली, तर भाद्रपदात ती परत येते. म्हणून दोघांनी एकाच आठवड्यात, दोन्ही बाजूंनी काढावी. वेल कुणाच्या दारातून आली यावर वाद घालण्यात पावसाळा निघून जातो. ओढ्याच्या बाबतीत तर वरच्या वस्तीने आधी आणि खालच्या वस्तीने मागून हात घालावा. खालून सुरुवात केली तर वरून तुकडे येतच राहतात.

मग दारात काय लावावे?

पुष्कळ आहे. जाई आणि जुई यांना तोड नाही. त्या कात्री मानतात, ओढ्यात पळून जात नाहीत, आणि संध्याकाळी ओंजळभर फुले देतात. बोगनवेल परदेशी असली तरी आपल्याकडे बी धरून पसरत नाही. काटे आहेत, तेव्हा वाटेवर नको, कुंपणाला हरकत नाही. मकर संक्रांतीच्या सुमारास नारिंगी पडद्यासारखी लोंबणारी संक्रांतवेल आपल्या हवेत बहुधा फांदीनेच लावावी लागते. कलम बाहेर फेकले नाही तर ती जागची हलत नाही. गोकर्ण बियांनी वाढते, पण पूजेला फूल, जनावरांना चारा आणि जमिनीला नत्र असे तिचे तिहेरी देणे आहे. शेंगा वेळेवर तोडल्या की झाले. आणि ज्यांना फुलापेक्षा पानगं सावली हवी, त्यांनी घेवडा, दोडका, कारली, मायाळू चढवावीत. सावली मिळते, कालवण मिळते, हंगाम संपला की वेलही संपते.

रानातली वेल उपटून आणून दारात लावण्याचा मोह मात्र आवरावा. आपल्या सह्याद्रीत कंदीलपुष्प नावाच्या चिमुकल्या वेली आहेत; फूल अगदी कागदी कंदिलासारखे. त्यांतल्या काही जाती जगात इतरत्र कुठेही नाहीत. कास पठारासह सह्याद्रीतले काही भाग २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, ते अशाच वनस्पतींमुळे. त्यांचे कंद खोदून आणले तर दारात बहुधा जगत नाहीत आणि डोंगरावरून कायमचे जातात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या वेलींची रोपे वाढवून त्या राखण्याचे काम झाले आहे. पाहायची हौस असेल तर तिकडे किंवा पावसाळ्यात डोंगरावर जाऊन पाहावी. कास, पाचगणी, महाबळेश्वरकडे ज्यांची घरे किंवा निवासाच्या खोल्या आहेत, त्यांनी बागेतला छाटलेला कचरा कड्यावरून खाली लोटू नये.

जाईची फांदी कुणाला द्यायची असेल तर आषाढ-श्रावण चांगला. तोडून देण्यापेक्षा दाब कलम करा : जमिनीलगतची लांब फांदी वाकवून मधल्या पेराला हलकी खाच द्या, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवा आणि शेंडा बाहेर राहू द्या. दोन-अडीच महिन्यांत मुळे धरतात. मग मूळ वेलीपासून कापून मातीच्या गोळ्यासकट द्या. गोळ्यात लव्हाळ्याची गाठ किंवा दुसऱ्या कुठल्या वेलीचे बी गेले नाही ना, तेवढे हाताने चाचपून पाहा.